पहाटेचं फडकं

या, बसा असे जवळ. ती पऱ्हाटी जरा आत सारा, कंदिलाची वात थोडी वर करा आणि वाकळ गुडघ्यांवर ओढून घ्या, कारण मार्गशीर्षातली रात्र आहे, आभाळ लख्ख निरभ्र आहे, वारा पडलाय, आणि असा वारा पडला की आमच्या बालाघाटाच्या माथ्यावर गारठा कसा उतरतो ते तुम्हाला पहाटे कळेलच. पहाटे मी तुम्हाला उठवणार आहे. हरभऱ्याच्या वावरात जायचंय. दिवस मावळायच्या आधीच मी तिथं माझं जुनं, धुवून मऊ झालेलं धोतर हरभऱ्यावर अंथरून आलोय, आणि मघापासून तुमचं चाललंय की आजोबा, धोतर वाळत घालायला दोरी असताना वावर कशाला? अरे, वाळायला नाही घातलं. भिजायला घातलंय.

माझी आजी, म्हणजे तुमची खापरपणजी, दर हिवाळ्यात हेच करायची. हरभरा फुलावर आला की स्वच्छ पांढरं फडकं घेऊन तिन्हीसांजेला वावरात जायची, झाडांवर हलक्या हातानं पसरायची आणि पहाटे तांबडं फुटायच्या आत परत जाऊन तेच फडकं चिनी मातीच्या बरणीवर धरून पिळायची. मी तिच्या पदराला धरून मागं मागं. पिवळसर पाणी बरणीत ठिबकायचं आणि ती मला एक बोट चाटवायची. त्यानंतर माझं तोंड जे काही वेडंवाकडं व्हायचं ते बघून ती एवढी हसायची, की थंडीनं आधीच पाणावलेले तिचे डोळे वाहायलाच लागायचे. त्या पाण्याला म्हणतात आंब. चिंच नसली, लिंबू नसलं, तर डाळीत दोन थेंब आंब. पोरांचं पोट दुखायला लागलं, की वाटीभर पाण्यात थेंबभर आंब. बरणी वर्षभर फडताळात असायची, आणि तिला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती.

आता मला त्या वयात एक कोडं पडलं. पाणी तर दवाचं होतं, हे मला दिसत होतं. मग दव आंबट असतं का? विचारायचं कुणाला, म्हणून मी स्वतःच शोध घ्यायचा ठरवला आणि एका पहाटे बांधाबांधानं जिभेनं निघालो. हरळीवरचं दव चाटलं, निव्वळ पाणी. ज्वारीच्या पानावरचं चाटलं, पाणीच, शिवाय पानाच्या कडेनं जीभ खरवडली ती वेगळीच. करडईच्या वाटेला गेलो नाही, कारण तिचे काटे तुम्हाला माहीत आहेत. त्या काट्यांसाठीच तर शेतकरी ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी पेरतो, जनावर आत शिरायला धजत नाही. मग हरभऱ्याचं पान चाटलं, आणि आंबट! तेव्हा ध्यानात आलं, की आभाळ सगळ्यांना सारखंच देतं, पण हरभरा त्यात आपलं काहीतरी मिसळतो.

काय मिसळतो? उद्या उजाडल्यावर एक फांदी उन्हाकडं धरून बघा. पान, देठ, घाटा, सगळ्यांवर बारीक बारीक लव दिसेल, नुकती मिसरूड फुटलेल्या पोराच्या ओठावर असते तशी. त्यातल्या कित्येक केसांच्या टोकाला एक इवलीशी गाठ असते आणि त्या गाठीतून आम्लाचा थेंब पाझरतो. त्यात मुख्य दोन आम्लं. एक मॅलिक आम्ल, ज्यानं सफरचंदाला आंबटपणा येतो, आणि दुसरं ऑक्झॅलिक आम्ल, जे आपल्या चुक्याच्या भाजीत असतं. म्हणजे बघा, काश्मीरचं सफरचंद आणि परसातला चुका, दोघांचा आंबटपणा या वितभर झाडानं आपल्या अंगावरच्या केसांच्या टोकांवर तोलून धरलाय! आणि हा खटाटोप चवीसाठी नाही बरं. घाटेअळी म्हणून जी हिरवी अळी घाट्याला भोक पाडून, अर्धं अंग आत घालून दाणा खाते, तिच्या वाढीला हे ऑक्झॅलिक आम्ल मारक ठरतं. अळी पुरती हटत नाही, तीही चिवट आहे, पण आंबट पाला खाऊन ती हवी तशी पोसत नाही. झाडाला पळता येत नाही, हात उगारता येत नाही, म्हणून त्यानं अंगभर ही आंबट राखण बसवली.

ही राखण माणसालाही सोडत नाही. हरभऱ्याची भाजी खुडायला बाया जातात ना, घरी येईपर्यंत त्यांच्या बोटांची आग आग होते. दिवसभर त्या वावरात वावरलं तर पायांची कातडी उलते. तरी खुडणी चुकत नाही, कारण कोवळा पाला, कांदा आणि दाण्याचं कूट यांचा घोळाणा ज्यानं भाकरीबरोबर खाल्लाय तो बोटांच्या आगीकडं बघत नाही. आणि खुडण्यानं झाडाचं नुकसान होत नाही, उलट भलंच होतं. झाडाचा शेंडा मोठ्या भावासारखा असतो. तो असेपर्यंत खालच्या डोळ्यांना डोकं वर काढू देत नाही, वरून रस पाठवून त्यांना दाबून ठेवतो. शेंडा खुडला की ते सगळे धाकटे डोळे एकदम फुटतात, झाड पसरतं आणि जितक्या फांद्या तितके जास्त घाटे. पेरणीनंतर महिन्याभरात, फुलं लागायच्या आत हे करायचं. आमच्या बायांना हे कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं, त्यांना भाजी हवी होती आणि भाजीनं त्यांना शिकवलं.

पण मी दवाचं सांगत होतो. दव येतं कुठून? पडतं, असं आपण म्हणतो. दव पडलं, पाऊस पडला, सगळं वरूनच. शेकडो वर्षं शहाणीसुरती माणसंही तेच म्हणत होती. मग लंडनमध्ये विल्यम चार्ल्स वेल्स नावाचा एक डॉक्टर झाला. प्रकृती त्याला धड साथ देत नव्हती, पण दवाचा नाद असा लागला होता, की हा गृहस्थ रात्र रात्र बागेत जाऊन बसायचा. करायचा काय? लोकरीचे लहान लहान पुंजके तोलून घ्यायचा, प्रत्येक बरोबर दहा ग्रेनचा, म्हणजे आपल्या सोनाराच्या मापात साधारण पाच गुंजा, आणि ते निरनिराळ्या जागी ठेवून सकाळी पुन्हा तोलायचा. जितकं वजन वाढलं तितकं दव. एका रात्री त्यानं फळी टेकूंवर आडवी ठेवली, एक पुंजका फळीवर आणि एक फळीच्या खालच्या अंगाला. सकाळी वरच्यात चौदा ग्रेन दव, खालच्यात चार. तुम्ही म्हणाल, मग बरोबरच की, वरून पडतं म्हणून वर जास्त! थांबा. पुढं त्यानं भाजक्या मातीचं एक रुंद नळकांडं घेतलं, दोन्ही तोंडं उघडी, ते गवतावर उभं केलं आणि एक पुंजका त्याच्या आत तळाशी ठेवला, एक बाहेर उघड्यावर. पाऊस असता तर सरळ पडून दोन्हींना सारखं भिजवलं असतं, कारण नळकांड्याला वर झाकण नव्हतंच. पण सकाळी बाहेरच्या पुंजक्यात सोळा ग्रेन आणि आतल्यात जेमतेम दोन!

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातली भाकरी तशीच धरून कितीतरी वेळ बसलो होतो. कारण याचा अर्थ एकच, दव पडत नाही. ज्या वस्तूला जितकं आभाळ उघडं दिसतं, तितकी तिच्या अंगातली ऊब वर आभाळात निघून जाते, तितकी ती गार होते, आणि गार झालेल्या अंगावर भोवतीच्याच हवेतली वाफ पाणी होऊन बसते, माठाच्या अंगावर बसते तशी. नळकांड्यातल्या लोकरीला आभाळाचा एवढासा तुकडा दिसत होता, म्हणून ती उबदार राहिली आणि कोरडी राहिली. वेल्सनं हे सगळं 1814 साली पुस्तकात मांडलं. आणि आपल्याकडं बांधावरच्या आंब्याखाली झोपणारा राखणदार हेच दर हिवाळ्याला बघतो, की झाडाखालचं अंथरूण कोरडं आणि चार पावलांवरचं गवत ओलंचिंब. त्याला लोकर तोलायला कुणी सांगितलं नाही, एवढाच फरक.

म्हणून तर मी मघाशी आभाळ बघत होतो. ढग आला की तो वाकळेसारखा जमिनीवर पसरतो आणि ऊब वर जाऊ देत नाही. वारा सुटला की गार हवा ठरत नाही, दव जमत नाही. आज दोन्ही नाहीत. ही गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारानं वाहते आणि खोलगट जागी साचते. आपल्या ओढ्याकाठच्या पट्टीत माळापेक्षा थंडी जास्त असते ती यामुळंच, आणि म्हणूनच निफाडकडचे द्राक्षवाले असल्या रात्री बागेत शेकोट्या पेटवून जागतात.

तुम्ही ही वाकळ अंगावर घेतलीत, तिच्यात तरी काय आहे, सांगा बरं? आजीचं इरकली लुगडं आहे, माझ्या बापाचं धोतर आहे, कुणाच्या तरी बारशाचं झबलं आहे, हा बघा लाल तुकडा. पण ऊब यांची कुणाचीच नाही. ऊब आहे ती आत अडकलेल्या हवेची. हवा स्वतः उष्णता फार हळू पुढं नेते, फक्त तिला हलू द्यायचं नाही. आजी चार-पाच पदर एकावर एक घालून कडेनं धावदोरा घालत घालत मधे यायची, त्या टाक्यांनी हवेच्या लहान लहान कोठड्या व्हायच्या आणि त्यांतली हवा सकाळपर्यंत तिथंच. वाकळ दाबून, घट्ट गुंडाळून बघा, ऊब कमी होईल. आणि घोंगडीची तऱ्हा आणखी न्यारी. आपल्या माळावरच्या मेंढ्यांची लोकर, सणगरांच्या मागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेली. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पिऊन घेते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओल पिताना उलट थोडी ऊब सोडते. धनगर दवात बसूनही कुडकुडत नाही ते का, ते आता तुमचं तुम्ही समजून घ्या.

चार दिवसांनी अमावस्या, म्हणजे आपली येळवस. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळं गाव वावरात. कडब्याची कोप घालायची, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील माठात भरून डोक्यावरून न्यायची, आणि हिरवे घाटे, तुरीच्या शेंगा, वाटाणा, पावटा, जे जे शेतात आहे ते सगळं घालून केलेली भज्जी. पुढं पौषात हुरडा. ज्वारीचा दाणा दुधावर असतो तेव्हा त्यात साखर असते, मग झाड तिचं पिष्ट करत जातं आणि दाणा टणक होतो. त्या मधल्या थोड्या दिवसांत जो गोवरीच्या आगटीत कणीस भाजून तळहातावर चोळतो त्याचंच नशीब. यात आपल्याला वाटेकरीही असतात. भोरड्यांचे थवे. गुलाबी पोटाची, काळ्या डोक्याची पाखरं, मध्य आशियातून इतक्या लांब येतात आणि ज्वारीवर अशी उतरतात की राखणदाराची गोफण थकते. मला त्यांचा राग येत नाही, कारण तिकडं हीच पाखरं टोळ खाऊन माणसांची शेतं वाचवतात. चीनमध्ये शिनजियांगला तर लोकांनी त्यांच्यासाठी दगडांची घरटी रचून ठेवली आहेत. तिथं पाहुणचार आणि इथं गोफण, काय करायचं, इथं पोट ज्वारीवर आहे.

बरं, आता सकाळचं ऐका. पहाटे चंद्राची बारीक कोर पूर्वेला असेल, तिच्या उजेडात निघायचं. पायांत जुन्या वहाणा घाला, नव्या नकोत, आंब चामड्याला खाते. बरणी काचेची किंवा चिनी मातीची घ्यायची. तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नाही, आम्ल त्याला खातं आणि मग आपल्याला ते बाधतं. धोतर उचलताना ओढायचं नाही, फुलं गळतात, फूल गळलं की घाटा गेला. चौघांनी चार टोकं धरून सरळ वर उचलायचं. धोतर आदल्या दिवशीपेक्षा जड लागेल. मग धाकटीनं बरणी धरायची आणि थोरल्यानं पिळायचं, हाताला खरचटलेलं असेल त्यानं पिळायला पुढं यायचं नाही. आणि पहिलं बोट कुणी चाटायचं यावरून भांडण नको, ते मी माझ्या आजीच्या नावानं चाटणार आहे.

वात बारीक करा आता. निखाऱ्यांवर राख ओढा, सकाळी फुंकर घातली की पुन्हा फुलतील.