उभ्या गाडीचा भाव

‘२०१३चं मॉडेल, डिझेल, सिंगल ओनर, फक्त ३१ हजार किलोमीटर.’ भाईंदर पूर्वेला, खारी, गोडदेव, नवघर या पट्ट्यात जुन्या गाडीचा विषय निघाला की अशा वर्णनाची एखादी गाडी हमखास पुढे येते. ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात आणि विकणारा आकडा वाढवून सांगतो. ‘फक्त’ या शब्दाचे लाखभर रुपये मोजायला दोघंही तयार असतात. पण बारा वर्षांत ३१ हजार म्हणजे दिवसाला जेमतेम सात किलोमीटर. डिझेलच्या गाडीने रोज सात किलोमीटर धावणं चांगलं की वाईट, हा प्रश्न व्यवहार ठरण्याआधी क्वचितच विचारला जातो.

अशा गाड्या इथे आल्या कुठून, ते आधी पाहायला हवं. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका झटक्यात लिटरमागे साडेसात रुपयांच्या आसपास महागलं आणि मुंबईत ७८ रुपयांच्या पुढे गेलं. डिझेल तेव्हा ४५ रुपयांच्या घरात होतं. तीस रुपयांहून जास्त फरक! ज्याला त्याला डिझेल हवं होतं. स्विफ्ट डिझेलसाठी महिनोन्‌महिने थांबायची लोकांची तयारी होती, आणि देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलच्या होत्या. पुढे जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा पन्नास पैशांनी वाढू लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याची किंमत सरकारी नियंत्रणातून पूर्ण सुटली आणि फरक आटत गेला. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या वर आणि डिझेल ९०च्या आसपास, म्हणजे फरक उरला तेराएक रुपयांचा.

त्या लाटेत मीरा-भाईंदरच्या पुष्कळ कुटुंबांनीही डिझेल गाडी घेतली. पण इथल्या नोकरदाराचा दिवस गाडीवर चालत नाही, लोकलवर चालतो. सकाळी स्टेशन गाठून चर्चगेट गाडी पकडायची, संध्याकाळी उलट. घोडबंदर रस्त्यावरची कोंडी आणि मेट्रोच्या कामाची वर्षं यांमुळे कामाच्या दिवशी गाडी काढायचा उत्साह राहत नाही. मग ती सोसायटीच्या आवारात उभी राहते. रविवारी बाजारापर्यंत, कधी उत्तनला, गणपतीत कोकणात. भाईंदर ते सावंतवाडी पाचशे किलोमीटरच्या आसपास; वर्षाच्या मीटरमधला मोठा वाटा त्या एकाच फेरीचा. म्हणजे मीटर खोटा असेलच असं नाही. तो खरा असू शकतो, आणि खरा असूनही गाडी थकलेली असू शकते.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात फवारलेलं इंधन आपोआप पेटतं. १९९७ नंतर मोटारींत आलेल्या कॉमन रेल पद्धतीत हा फवारा हजार बारपेक्षा जास्त दाबाने, केसाएवढ्या छिद्रांतून उडतो. अशा इंजेक्टरला आणि पंपाला स्वच्छ, कोरडं डिझेल लागतं, कारण पंपाचं वंगणही तेच डिझेल करतं. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली की तिच्या भिंतींवर दमट हवेतलं पाणी जमतं आणि तळाशी उतरतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात, चिकट गाळ तयार होतो. चालत्या गाडीत डिझेल बदलत राहतं, फिल्टर वेळेवर बदलला जातो. उभ्या गाडीत गाळ वाट पाहत बसतो आणि नवा मालक पहिल्यांदा लांबच्या प्रवासाला निघाला की फिल्टरमध्ये येतो.

दुसरं दुखणं छोट्या फेऱ्यांचं. डिझेल इंजिन उशिरा तापतं. दोन किलोमीटर जाऊन परत आलं तर ते पुरतं तापतच नाही. काजळी ईजीआरच्या, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर आणि इनटेकच्या नळीत साचते, थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, सायलेन्सरमधलं पाणी उडून न गेल्याने तो आतून कुजतो. ऑइल बदलण्याची सूचना सर्व्हिस पुस्तकात ‘इतके किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ अशी असते. मालकांचा घोटाळा नेमका इथेच होतो. ‘गाडी चाललीच कुठे?’ म्हणून तेच ऑइल दोन-दोन, तीन-तीन वर्षं आत राहतं. तेच ऑइल टर्बोच्या दांड्याला वंगण देतं, आणि तो दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत हा धोका आणखी वाढतो. तिच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि ती मिळवायला हायवेवर सलग काही वेळ पळावं लागतं. पाच वर्षांत पंधरा हजार किलोमीटर, तेही खारी ते गोल्डन नेस्ट, अशी बीएस-६ डिझेल कुणी अभिमानाने दाखवली तर सर्वांत जास्त सावध तिथे राहावं. २०१३च्या साध्या स्विफ्टला निदान हे लचांड नाही.

तपासणी सुरू होते ती इंजिन चालू होण्याआधी. पहाटे, न कळवता जावं; ते शक्य नसेल तर निदान आदल्या दिवशी ‘गाडी सुरू करून ठेवू नका’ असं सांगून जावं आणि बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर थंड इंजिनाचा खरा स्वभाव लपवला गेला, असं समजायला हरकत नाही. मग ऑइल भरायचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवायचं. काळं ऑइल लागलं तर काळजी नको. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. पण कॉफीच्या फेसासारखा पिवळट थर हाती आला तर इंजिनात ओल जमते आहे, म्हणजे गाडी तापेपर्यंत धावतच नाही. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलं असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर ते पातळ झालेलं आहे. चावी फिरवल्यावर पहिल्या सेकंदांत थोडा धूर चालतो. निळा धूर टिकून राहिला तर ऑइल जळतं आहे. पांढरा राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा कूलंट आत शिरतं आहे.

नंतर गाडी काशीमिऱ्याहून घोडबंदरकडे न्यावी. गायमुखचा चढ टर्बोची परीक्षा घ्यायला चांगला आहे. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की दोन हजार फेऱ्यांच्या आसपास मागून कुणीतरी ढकलल्यासारखा जोर यायला हवा. तो उशिरा आला, शिट्टी वाढत गेली, मागे काळ्या धुराचा पट्टा दिसला, तर मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगूनच पुढे बोलावं.

किलोमीटर खरे आहेत का, हा वेगळा शोध. मीटर डिजिटल असला तरी मागे घेता येतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी हा सर्वांत भक्कम पुरावा, कारण प्रत्येक भेटीला किलोमीटर लिहिले जातात. त्यांत २०१८ साली ६४ हजार आणि आज ३१ हजार दिसले तर विषय संपला. नोंदी नसतील तर गाडीच साक्ष देते. ३१ हजारांत क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही, स्टीअरिंगची कातडी चकाकत नाही, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड ढासळत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ‘२३१३’ म्हणजे २०१३चा तेविसावा आठवडा. सगळे मूळ टायर असतील तर किलोमीटर खरे असण्याचा संभव वाढतो, पण टायर मात्र फेकून द्यायचे. रबर वयानेही कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. काचांवरही वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती का बदलली, हे विचारायलाच हवं.

खारीच्या गाडीसाठी आणखी एक तपासणी आवश्यक आहे. भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरं आहेत, हवा खारट, आणि पावसाळ्यात सखल भागांत पाणी भरतं. उभ्या गाडीच्या खाली ही हवा बारा महिने काम करते. गाडी लिफ्टवर चढवून सायलेन्सर, सस्पेन्शनचे जोड, ब्रेकच्या नळ्या आणि पत्र्याच्या शिवणी पाहाव्यात. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन चकचकीत करता येते. पण सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला की त्याच्या तळाच्या भागावर मातीची रेघ सापडते, सीटखालच्या रुळांवर गंज दिसतो, स्टेपनीच्या खळग्यात गाळ राहतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून मुंबईचे मेकॅनिक या खुणा हमखास शोधतात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हाही उभ्या गाडीचा नेहमीचा आजार.

मॉडेल कोणतं, यावर भाव फार बदलतो. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावात बनत होतं. मारुती तेच परवान्यावर स्वतः बनवत होती. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, टाटा व्हिस्टा, मांझा, फियाट पुंटो, शेवरोले सेल या सगळ्यांत तेच हृदय. तरीही स्विफ्टला गिऱ्हाईक दारात येतं आणि सेल विकायला वर्ष लागू शकतं. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फियाटच्या गाड्याही गेल्या, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. इंजिनाचे भाग मिळतात, पण दिवा, बंपर, दाराचं हँडल यासाठी वणवण होते. मल्टिजेटला टायमिंग चेन असते. डस्टरसारख्या गाड्यांतल्या रेनॉच्या इंजिनाला बेल्ट असतो, आणि बेल्ट किलोमीटर न मोजताही म्हातारा होतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. कमी धावलेल्या जुन्या डस्टरचा बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करावा.

विमा कंपन्या काय करतात तेही पाहण्यासारखं आहे. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, वयानुसार घटते: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, पुढे दरवर्षी २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के. या तक्त्यात किलोमीटरचा रकानाच नाही. पाच वर्षांनंतर तर कंपनी आणि मालक बोलून आकडा ठरवतात.

कायद्याचं वयही मोजावं लागतं. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. २०१३ची गाडी २०२८ मध्ये नूतनीकरणाला येईल. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, शिवाय तपासणी आणि पर्यावरण कर. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेलवर आलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली होती. तिथल्या गाड्या स्वस्त म्हणून इकडे येतात, पण महाराष्ट्रात नोंदवताना इथला कर भरावा लागतो. महाराष्ट्रात तशी वयाची बंदी नाही. मात्र उच्च न्यायालयाने प्रदूषणाची दखल घेतल्यावर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेल गाड्या हद्दपार करता येतील का, हे तपासायला समिती नेमली, आणि मीरा-भाईंदर याच प्रदेशात आहे. डिझेलवाल्याने ही टांगती तलवार भावात धरणं योग्य. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या; जुन्याचा भाव त्यामुळेही खाली खेचला जातो.

आता हिशेब. समजा, त्याच वर्षाची स्विफ्ट डिझेल, लाखभर धावलेली पण दरवर्षी सर्व्हिस झालेली, तीन लाखांना मिळते आणि ३१ हजारवाली साडेचार लाख मागते. दुसरीला चार टायर, बॅटरी, सगळी तेलं, कूलंट, पट्टे, होज, डिझेल फिल्टर, टाकीची सफाई, एसीचं काम असं साठ-सत्तर हजारांचं काम पहिल्याच वर्षी निघू शकतं. उलट तिचा क्लच, इंजेक्टर, सस्पेन्शन, आतली सजावट यांचं आयुष्य खरोखर शिल्लक आहे, आणि त्याचे पैसे मालकाला मिळायलाच हवेत. दोन्ही बाजू मांडल्या तर सव्वातीन लाखांच्या आसपास सौदा न्याय्य ठरतो. नोंदी पूर्ण असतील, दरवर्षी ऑइल बदललं असेल, तर थोडे वर. नोंदीच नसतील तर लाखभर धावलेली पहिली गाडी डोळे मिटून घ्यावी.

त्याआधी घेणाऱ्याने आपलं धावणं तपासावं. पेट्रोलची गाडी लिटरला १५ आणि डिझेलची २० किलोमीटर देते असं धरलं, तर २०२५च्या भावांनी किलोमीटरमागे बचत सुमारे २ रुपये ४० पैसे. वर्षाला पंधरा हजार धावणाऱ्याचे ३६ हजार वाचतात. चार हजार धावणाऱ्याचे ९,६०० वाचतात, आणि एका इंजेक्टरच्या दुरुस्तीत ते जाऊ शकतात. खारीहून रोज वसई किंवा भिवंडीला गाडीने जाणाऱ्याने ही गाडी जरूर घ्यावी. ती पुन्हा सोसायटीतच उभी राहणार असेल तर पेट्रोल बरं.

सौदा ठरला की फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलावं; कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्रही. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने आरटीओला १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. मीरा-भाईंदरला २०२५ मध्ये एमएच-५८ हा स्वतःचा क्रमांक मिळाला, पण अशा जुन्या गाड्या बहुतेक ठाण्याच्या एमएच-०४ वरच्याच असतात. विकणाऱ्यानेही हे काम दुसऱ्यावर सोडू नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलं की, गाडी विकली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. त्यामुळे चावी हातात देताना सह्या केलेले फॉर्म, ओळखपत्रांच्या प्रती आणि तारीख-वेळ टाकलेली डिलिव्हरीची पावती दोघांकडेही असावी, आणि विम्याच्या बदलाचा अर्ज पुढच्या १४ दिवसांत जावा.