ईदीच्या पैशांतला मासा

गेल्या रमजान ईदला मिळालेली ईदी साठवून आमच्या धाकट्याने एक मासा विकत आणला. बोटभर लांबी, पांढरे पोट, लालभडक शेपटी आणि मांजरासारख्या मिशा. रेडटेल कॅटफिश त्याचे नाव, मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदी. ‘टाकीएवढाच वाढतो,’ असे दुकानदाराने सांगितले. आम्ही विश्वास ठेवला, ही चूक आमचीही. हा मासा तीन-चार फूट होतो. गळाला लागलेला एक ५६ किलोचा भरल्याची नोंद आहे!

आमची टाकी तीन फुटांची, पाणी जेमतेम १९० लिटर. महिनाभरात तिच्यातले छोटे मासे एकेक करून गायब झाले. दिवसा हा दगडाआड पडून राहतो, रात्री शिकारीला निघतो. तोंडात मावेल ते गिळतो, खडेसुद्धा.

बकरी ईदला सासूबाईंनी लाडाने गोश्ताचे तुकडे टाकले. त्याने खाल्ले खरे, पण ती चरबी माशाला नीट पचत नाही. कोळंबी, माशाचे तुकडे हेच त्याचे खाणे. मोठा झाल्यावर तेही दोन-तीन दिवसांतून एकदा. जास्त टाकले की पाणी नासते. गोंदियाच्या थंडीत पाणी गरम ठेवायला हीटर लावला, तो त्याने शेपटीच्या फटक्याने फोडला.

शेवटी मामू म्हणाले, ‘नवेगावबांधच्या तलावात सोडून द्या, सवाब मिळेल.’ धाकटा लगेच तयार झाला. मीच अडून बसले. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तो तलाव. अशा तलावांतल्या रोहू-कटल्यावर आपल्या जिल्ह्यातल्या ढिवर कुटुंबांची चूल पेटते. तलावांतला मोठा मिशीवाला शिकारी म्हणजे आपला शिवडा. तोच २०१९ पासून जागतिक यादीत धोक्यात आलेल्या माशांत आहे. त्यात हा पाहुणा कशाला? आफ्रिकन मांगूर असाच बाहेरून आला. बंदी घातली, तरी अजून पुरता हटलेला नाही.

दुकानदार परत घेईना. मग परसात सिमेंटचा आठ फुटी हौद बांधला, वर जाळी टाकली. धाकट्याची पुढच्या ईदची ईदीही त्यातच गेली. मोठ्या हौदाचा कोणी शौकीन मिळेपर्यंत मासा तिथेच आहे. दर जुम्म्याला नमाजहून आला की पोरगा जाळीवर फुटपट्टी धरून बसतो. काल २२ इंच भरला.