क्षमेचा हप्ता

गोमंतकात नवी गाडी घेतली की ती प्रथम मंगेशीला किंवा शांतादुर्गेच्या देवळात नेण्याची रीत आहे. चाकांखाली लिंबे ठेवली जातात, पुढे झेंडूचा हार पडतो आणि मगच ती रस्त्यावर धावू लागते. या श्रद्धेला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु वर्ष सरते, विम्याच्या नूतनीकरणाचा कागद हाती येतो, आणि नेहमीच्या हप्त्याखाली एक जादा ओळ दिसते : ‘नो क्लेम बोनस’चे संरक्षण, रुपये अमुक. हे पैसे भरावेत की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक गाडीमालक हिशेब न करताच देऊन मोकळे होतात. कोणी एजंटाच्या भिडेखातर ‘हो’ म्हणतो, तर कोणी सवयीने ‘नको’.

अमेरिकेत अशा संरक्षणाला ‘अपघाताची क्षमा’ अशा अर्थाचे मोठे उदात्त नाव आहे. तेथे चालकाच्या चुकीने अपघात झाला की पुढला हप्ता वाढतो, आणि आगाऊ पैसे भरणाऱ्याची पहिली चूक पोटात घातली जाते. क्षमेचाही दर ठरावा, हे काळाला धरूनच झाले! आपल्याकडे शिक्षेची तऱ्हा निराळी. वर्षभर भरपाई मागितली नाही की पुढल्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरावयाच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ती पुढे २५, ३५, ४५ अशी चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर स्थिरावते. एकदा भरपाई घेतली की ही सारी शिडी कोसळून मालक पुन्हा तळाशी येतो. ही शिडी राखण्यासाठी जो मोबदला मागितला जातो, तोच हा जादा हप्ता.

आता हिशेब करून पाहू. सूट वजा करण्यापूर्वीचा हप्ता १०,००० रुपये आहे आणि मालक ५० टक्क्यांवर पोहोचला आहे असे धरू. तो ५,००० भरतो. त्याने भरपाई घेतली तर पुढली पाच वर्षे त्याला अनुक्रमे १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५०० भरावे लागतील. म्हणजे एकूण १२,५०० रुपये जास्त. गाडी जुनी होते तशी तिची विम्यातील किंमत उतरते, म्हणून प्रत्यक्ष तोटा याहून थोडा कमीच. या संरक्षणासाठी वर्षाला ५०० रुपये मागितले असतील, तर पंचवीस वर्षांत एकदा जरी मोठी भरपाई घेण्याची पाळी आली तरी पैसे फिटले. १,००० मागितले, तर बारा-तेरा वर्षांत एकदा. उलट, जो नुकताच २० टक्क्यांच्या पायरीवर चढला आहे, त्याचा तोटा याच हिशेबाने सुमारे ५,००० रुपयांचा आहे. त्याने हा खर्च करण्याची घाई करू नये, असे आम्हाला वाटते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गाडी उभी करणाऱ्याला, किंवा ज्याच्या अंगणात माडाखेरीज दुसरी सावली नाही त्याला, पावसाळ्यात काय होऊ शकते हे सांगावयास नको. तरीही प्रत्येक ओरखड्यासाठी कंपनीकडे धावण्यात शहाणपण नाही. पुढचा प्लॅस्टिकचा बंपर फुटला आणि नवा ४,००० रुपयांना पडला, तर साध्या विम्यात प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी किंमत घसाऱ्यापोटी जाते. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये मालकानेच सोसावयाचे असतात. हाती उरतात १,०००. एवढ्यासाठी पाच वर्षांची पुंजी उधळणारे गृहस्थ आमच्या पाहण्यात आहेत.

कंपन्यांच्या शब्दांत एक मेखही आहे. राखली जाते ती सूट. मूळ दर राखला जात नाही. स्वतःच्या नुकसानीचे दर २००७ पासून कंपन्याच ठरवितात, त्यामुळे भरपाई घेतलेल्याची सूट कायम ठेवूनही मूळ आकडा वाढविता येतो. वर्षातून किती वेळा भरपाई घेतलेली चालेल, गाडी चोरीस गेली किंवा पार निकामी झाली तर काय, दुसऱ्या कंपनीकडे गेल्यास ही राखलेली सूट तेथे मानतील काय, याची उत्तरे सही करण्यापूर्वी लेखी मागावीत. भरपाई घेतल्याचे लपवून नव्या कंपनीकडे सूट सांगणे तर मुळीच नको. ते उघडकीस येते आणि नेमके गरजेच्या वेळी विमा कामास येत नाही.

मात्र आम्हाला अधिक अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळीच. बोनस जाईल या धास्तीने माणसे दुचाकीस्वाराला धडक बसल्यावर रस्त्याच्या कडेलाच चार नोटा त्याच्या हातावर ठेवतात आणि कोणाला काही कळवीत नाहीत. ही धास्ती निराधार आहे. बोनस जातो तो स्वतःच्या गाडीची भरपाई घेतल्याने. जखमी त्रयस्थाला कंपनीने दिलेल्या भरपाईने त्याला धक्का लागत नाही. त्रयस्थाचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केला आहे तो याच कारणासाठी. त्याच कायद्याचे कलम १३४ चालकाला सांगते, की जखमीला उपचार मिळवून द्यावेत, पोलिसांना २४ तासांच्या आत खबर द्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. त्या दिवशी उठून चालत गेलेल्या माणसाच्या डोक्याला मार बसल्याचे दोन दिवसांनी कळले आणि प्रकरण दावा न्यायाधिकरणासमोर उभे राहिले, तर कंपनी पहिला प्रश्न विचारते तो हाच, की आम्हाला वेळीच का कळविले नाही? आणि कुटुंबाचा एकमेव कमावता अंथरुणाला खिळलेला असेल, तर त्याच्या घरी चूल पेटायची की नाही, हेही त्या उत्तरावर अवलंबून राहते.