पॉम्पेईच्या राखेत सापडलेली बाई

आज थोडं लांब जायचंय. इटलीत, नेपल्सजवळ, पॉम्पेईला. पण अख्ख्या शहराचा इतिहास सांगत नाही. एका घरातल्या एका वस्तूची गोष्ट सांगतो, आणि ती गोष्ट फिरून जालना जिल्ह्यात येते. म्हणून शेवटपर्यंत ऐका.

पॉम्पेईचं थोडक्यात सांगायचं तर, इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि शहर कित्येक फूट राखेखाली आणि दगडांखाली गाडलं गेलं. भट्टीतले पाव कोळसा होऊन तसेच राहिले. भिंतीवर लिहिलेले निवडणुकीचे प्रचारसुद्धा राहिले! १७४८मध्ये खोदकाम सुरू झालं आणि अजूनही शहराचा साधारण एक तृतीयांश भाग मातीखालीच आहे.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे शहर म्हणजे सर्व्हरचा बॅकअप वाटतं. त्या दिवशी घेतला आणि पुढे सतराशे वर्षं जवळजवळ कुणी हात लावला नाही. (जवळजवळ म्हणालो, कारण स्फोटानंतर काही लोक परत येऊन सामान उकरून घेऊन गेले होते.) फायदा काय? आत जे सापडेल ते ७९च्या आधीचं. टाइमस्टॅम्प पक्का.

आता वस्तू. १९३८मध्ये अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला तिथल्या एका घरात हस्तिदंताची छोटी मूर्ती मिळाली. उंची साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या शाळेतल्या पट्टीपेक्षाही कमी. अंगावर कपडे नाहीत, दागिने मात्र भरपूर: हातभर बांगड्या, पायात जाड तोडे. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. बघितल्यावर कुणीही सांगेल, ही भारतातली बाई! लोकांनी तिला 'पॉम्पेई लक्ष्मी' असं नाव देऊन टाकलं.

इथे जरा थांबू. 'रोमन लोक लक्ष्मीची पूजा करायचे' असा फॉरवर्ड आला तर पुढे ढकलू नका. मूर्तीला वरून भोक पाडलेलं आहे, म्हणजे ती कशाला तरी जोडलेली होती. आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या टेबलाचा पाय असावा, असं अभ्यासक म्हणतात. आणि बरेच जण तिला लक्ष्मी नाही, यक्षी मानतात.

मग जालना कुठून आलं? तिथल्या भोकरदनला १९७०च्या दशकात उत्खनन झालं आणि अगदी याच घडणीची हस्तिदंती बाई सापडली, तुटलेली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तिची बहीण शोभेल अशी मूर्ती मिळाली. सातवाहनांच्या काळात ही भरभराटीची व्यापारी गावं होती. 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक भाषेतलं एक जुनं व्यापारी मार्गदर्शक पुस्तक आहे. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, इथून गाड्यांमध्ये माल भरून भरूचच्या बंदरात नेतात असं लिहिलंय. पुढे मोसमी वाऱ्यावर जहाजं तांबड्या समुद्रात, मग इजिप्त, नाईल नदी, अलेक्झांड्रिया आणि तिथून इटली.

म्हणजे मूर्ती मराठवाड्यातलीच? मलाही तसंच म्हणायला आवडलं असतं! पण तिच्यावर खरोष्ठी लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे, आणि ही लिपी आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या बाजूची. अफगाणिस्तानात बेग्रामलाही असंच भारतीय हस्तिदंती काम मोठ्या संख्येने सापडलंय. त्यामुळे कारागीर कुठला हा वाद चालूच आहे. भोकरदनचा दावा तगडा आहे, पण केस बंद झालेली नाही.

एक गोष्ट मात्र मला फार भारी वाटते. थोरला प्लिनी नावाचा रोमन लेखक त्याच काळात तक्रार करत होता की भारत दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स (तिथलं नाणं) ओढून नेतो. आपल्या श्रीमंतांच्या चैनीवर तो वैतागला होता. आणि हाच प्लिनी ७९मध्ये व्हेसुव्हियस फुटल्यावर लोकांना वाचवायला जहाजं घेऊन गेला आणि तिथेच किनाऱ्यावर मेला. तेव्हा काही किलोमीटरवर, राखेखाली, त्याच चैनीतली एक वस्तू पडलेली होती.

मूर्ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिकीट महाग पडत असेल तर तेरला जा, तिथल्या लामतुरे संग्रहालयात. लातूरहून किंवा धाराशिवहून एका दिवसात होतं. जाऊन आलात तर फोटो पाठवा, पुढच्या भागात तेरबद्दलच बोलू.