गाडी नित्राची, मालक कुठला?

स्लोव्हाकियाची लोकसंख्या साधारण ५४ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. आणि हा एवढासा देश वर्षाला जवळपास १० लाख मोटारी बनवतो! डोईमागे हिशेब केला तर जगात पहिला नंबर. खरी गंमत पुढेच आहे. या लाखो गाड्यांवर एकाही स्लोव्हाक कंपनीचं नाव नाही. ब्रातिस्लाव्हात फोक्सवॅगन, त्रनावात प्यूजो, झिलिनात किया.

भांडवलशाही इथूनतिथून सारखीच, असं आपण धरून चालतो. पीटर हॉल आणि डेव्हिड सॉस्किस या अभ्यासकांनी २००१ साली तसं धरलं नाही. कंपनी पैसा कुठून उभा करते, कामगार काम कुठे शिकतो, पगार कोण ठरवतं, एवढंच त्यांनी विचारलं, तर अमेरिका आणि जर्मनीची घडणच निराळी निघाली. अमेरिकेत शेअर बाजाराचा शब्द चालतो. जर्मनीत बँका, युनियन आणि मालकसंघ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलून घेतात. स्लोव्हाकिया मात्र या दोन्हींत बसेना. मग २००९ मध्ये आंद्रेआस नोल्के आणि आर्यान व्लीखेंटहार्ट या अभ्यासकांनी मध्य आणि पूर्व युरोपातल्या अशा देशांसाठी तिसरा प्रकार मांडला: परावलंबी बाजारव्यवस्था. नवं मॉडेल कोणत्या कारखान्याला द्यायचं, पैसा कुठे घालायचा, हे परदेशातल्या मुख्यालयात ठरतं. स्लोव्हाकियातल्या मोठ्या बँकासुद्धा ऑस्ट्रियन आणि इटालियन मालकांच्या.

परावलंबी असले तरी हे लोक मुकाट नाहीत हं. जून २०१७ मध्ये ब्रातिस्लाव्हातल्या फोक्सवॅगनच्या कामगारांनी सहा दिवस संप केला आणि टप्प्याटप्प्याने १४ टक्के पगारवाढ पदरात पाडून घेतली. पंतप्रधान रॉबर्ट फिको उघडपणे संपकऱ्यांच्या बाजूने बोलले. परदेशी गुंतवणुकीला पायघड्या घालणाऱ्या देशाचे पंतप्रधान!

साम्यवादातून बाहेर पडणाऱ्या छोट्या देशाच्या नशिबी हेच असतं म्हणावं, तर स्लोव्हेनिया आडवा येतो. वस्ती २० लाखांच्या आसपास, आणि युरोपीय संघात प्रवेश स्लोव्हाकियाच्याच दिवशी, १ मे २००४ ला. पण युगोस्लाव्हियाच्या काळापासूनच तिथल्या कारखान्यांत कामगारांची मंडळं कारभारात होती, आणि माल पश्चिमेच्या बाजारात जात होता. ही पुंजी गाठीशी असल्याने त्यांनी विक्रीची घाई केली नाही. मोठ्या बँका आणि बरेचसे उद्योग बराच काळ घरातच राहिले. पगाराच्या वाटाघाटींना सरकार, मालक आणि युनियन एकत्र बसत. घरचा मालकही फुकट पडत नाही म्हणा. बुडीत कर्जांनी बँका खिळखिळ्या झाल्या आणि २०१३ मध्ये सरकारला सुमारे ३ अब्ज युरो ओतावे लागले. एस्टोनियाने तर तिसरीच वाट धरली: १९९४ मध्ये सर्वांना एकाच दराने २६ टक्के आयकर लावला, आणि युनियन जेमतेम.

आता नित्राकडे या. स्लोव्हाकियातल्या या गावात २०१८ मध्ये जग्वार लँड रोव्हरचा कारखाना सुरू झाला. नवी डिफेंडर इथे बनते. कंपनी ब्रिटिश, पण २००८ पासून टाटांची. म्हणजे परावलंबी बाजारव्यवस्थेतल्या कारखान्याची मालकी एका उगवत्या अर्थव्यवस्थेकडे! परावलंबनाच्या त्या चित्रात मुख्यालय सहसा श्रीमंत देशात असतं. इथे मालकीचा धागा धरून चालत गेलं तर आपण टाटांच्या मुंबईतल्या मुख्यालयाच्या, बॉम्बे हाऊसच्या दारात पोचतो. तिथेही तो थांबत नाही, कारण टाटा समूहाच्या मुळाशी असलेल्या टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर धर्मादाय न्यासांकडे आहेत. नोल्के आणि व्लीखेंटहार्ट यांच्या तक्त्यात अशा मालकाला कुठे बसवायचं, हे मला तरी सुचत नाही.