शोधप्रणालीचे स्थलांतर आणि ग्रंथपाल : जयपूरच्या निमित्ताने

ग्रंथालयातील जुनी शोधप्रणाली बदलली की नोंदी नव्या संगणकात जातात. त्या नोंदींपर्यंत पोहोचण्याची ग्रंथपालाला अवगत असलेली वाट मात्र आपोआप जात नाही. जयपूरसारख्या हिंदीभाषक शहरात मराठी ग्रंथांच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते.

युनेस्कोने १९८५ च्या सुमारास सूक्ष्मसंगणकांसाठी सिद्ध केलेली सीडीएस/आयसिस ही प्रणाली भारतात निस्सॅट या शासकीय योजनेमार्फत प्रसृत झाली. तीत शोधशब्दांचा कोश पडद्यावर वर्णानुक्रमे उघडत असे. एकाच नावाची भिन्न लेखने जवळजवळ दिसत. शब्दाच्या आरंभीच्या अक्षरांपुढे डॉलरचे चिन्ह दिले की पुढची सर्व रूपे हाती येत. (मराठीत सामान्यरूपामुळे अंगच बदलते, तेथे ही युक्ती लंगडी पडे, हेही खरे.) नव्या प्रणालींत अशी यादी असली तरी ती बहुधा आत दडलेली असते, वाचकासमोर येते ती एकच शोधचौकट.

इन्फ्लिबनेटच्या 'सोल' प्रणालीची दुसरी आवृत्ती २००९ मध्ये युनिकोडसह आली आणि देवनागरी नोंदी करणे सुकर झाले. पण 'वाऱ्यावरची वरात' हे शीर्षकच पाहा. यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र निराळे. हिंदीत हा र नाही, म्हणून नोंद करणारा हिंदीभाषक सहजच रफार देतो आणि तिसरे रूप जन्माला येते. 'टिळक' आणि 'तिलक' यांचीही हीच गत. पुस्तक कपाटात असते, आणि वाचक ते नाही असे समजून परत जातो.

येथे ग्रंथपालाचे काम बदलते. पूर्वी तो वाचकाच्या वतीने शोधत असे. आता वाचकाने शोधण्यापूर्वीच त्याला रूपे जुळवून ठेवावी लागतात. एक लेखन प्रमाण मानून इतर रूपे त्याच्याशी जोडणे, जुनी प्रणाली बंद करण्याआधी नेहमीचे शोध दोन्हींत चालवून निष्पत्ती ताडून पाहणे, हे त्याने करावयाचे. माझ्या मते यासाठी तंत्रज्ञापेक्षा भाषा जाणणारा माणूस अधिक उपयोगी.

उलट प्रकारची अडचणही आहे. जयपूरचे संस्थापक सवाई जयसिंह यांच्या आश्रयाने युक्लिडच्या ग्रंथाचा 'रेखागणित' हा संस्कृत अनुवाद करणारे सम्राट जगन्नाथ परंपरेने महाराष्ट्रीय मानले जातात. म्हणून मराठी अभ्यासक त्यांचा शोध घेतो. केवळ 'जगन्नाथ' टंकित केल्यास सतराव्या शतकातील 'रसगंगाधर'कार पंडितराज जगन्नाथही त्याच यादीत येतात, आणि जगन्नाथपुरीवरील पुस्तकेही. जुन्या तालिकापत्रावर नावापुढे उपाधी वा काळ लिहिलेला असे. स्थलांतरात तो रकाना गळला असल्यास पत्रांची पेटी पुन्हा उघडावी लागते. ती रद्दीत गेली नसेल, तर.