डॉक्टरकीच्या वाटेवरचे पहिले कॉलेज

आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ आधीची पदवी नव्हती आणि ती कोणी मागितलीही नव्हती. पदवीची अट बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सने १८९३ मध्ये घातली. पुढे १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांच्या मेडिकल कॉलेजांवरील अहवालाने मेडिकलआधी किमान दोन वर्षांच्या कॉलेजशिक्षणाचा आग्रह धरला. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा त्यामुळे उंचावला, पण दारेही बंद झाली: कृष्णवर्णीयांच्या सात मेडिकल कॉलेजांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकली. आधी कुठे शिकलात, हा प्रश्न तेव्हापासून अमेरिकेतील प्रत्येक उमेदवाराच्या मागे लागला आहे. गेल्या शंभर वर्षांचा अनुभव मात्र सांगतो, की कॉलेजच्या नावापेक्षा ते विद्यार्थ्याला कसे घडवते, हे अधिक मोलाचे ठरते.

मेडिकलचे शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांची संख्या फार असल्याने १९२८ मध्ये एक प्रवेशचाचणी सुरू झाली. आजची एमकॅट ही तिचीच वारस. तिच्यामुळे नामांकित आणि अनोळखी कॉलेजांतले विद्यार्थी एकाच मापाने मोजता येऊ लागले. आज दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक जण अर्ज करतात आणि निम्म्याहून कमी जणांना प्रवेश मिळतो. मेडिकल कॉलेजांची संघटना प्रवेशाचे प्रमाण जीपीए (कॉलेजातील सरासरी गुण) आणि एमकॅटच्या गुणांनुसार प्रसिद्ध करते. हे गुण वाढत जातात तशी प्रवेशाची शक्यता झपाट्याने वाढते, हे त्या तक्त्यात स्पष्ट दिसते.

यावर आक्षेप येतो, की नामांकित कॉलेजांच्या अर्जदारांपैकी कितीतरी अधिक जणांना प्रवेश मिळतो. ते खरे आहे, पण त्या कॉलेजांनी मुळातच परीक्षांत तरबेज मुले निवडलेली असतात. शिवाय काही कॉलेजे कच्च्या उमेदवाराला आपल्या सल्लागार समितीचे शिफारसपत्र देत नाहीत, त्यामुळे असे अनेक जण अर्जच करत नाहीत. रसायनशास्त्राच्या पहिल्याच वर्गात नाउमेद होऊन वाट सोडणारे तर अर्जदारांत मोजलेच जात नाहीत. नावाचा काहीच उपयोग नाही, असेही नाही. संशोधनाची संधी आणि ओळखीपाळखी मोठ्या कॉलेजात सहज मिळतात. पण अर्थतज्ज्ञ डेल आणि क्रूगर यांनी २००२ मध्ये पदवीधरांच्या कमाईचा अभ्यास मांडला. सारख्याच कुवतीच्या विद्यार्थ्यांना नामांकित कॉलेजाचा विशेष फायदा त्यांना आढळला नाही. अपवाद होता गरीब घरांतील मुलांचा. आणि नावाचा आधार ज्यांना सर्वाधिक हवा, त्यांनाच ती कॉलेजे सर्वांत दुर्मीळ असतात.

म्हणूनच न्यू ऑर्लीन्सच्या झेवियर विद्यापीठाचे उदाहरण महत्त्वाचे आहे. १९२५ मध्ये सुरू झालेल्या या लहानशा कॅथलिक, कृष्णवर्णीय कॉलेजाचे पदवीधर पुढे डॉक्टर होणाऱ्या कृष्णवर्णीयांमध्ये अनेक वर्षे देशात आघाडीवर राहिले आहेत. रसायनशास्त्राचे प्राध्यापक जे. डब्ल्यू. कारमायकेल यांनी तिथे वारंवार चाचण्या, गटाने अभ्यास आणि अर्जापर्यंत सतत मार्गदर्शन अशी घडी बसवली. दुबळ्या पायाच्या मुलांना गाळण्याऐवजी त्यांचा पाया भक्कम केला. अमेरिकेतील मराठी पालकांनीही क्रमवारीच्या आधी हेच विचारावे: पहिल्या वर्षी डॉक्टर व्हायचे ठरवून आलेल्यांपैकी किती जण अर्जापर्यंत पोहोचतात, अडखळणाऱ्याला हात कोण देतो, आणि चार वर्षांनी डोक्यावर कर्ज किती राहते? ज्या कॉलेजाकडे या प्रश्नांची सरळ उत्तरे आहेत, तेच मुलांच्या हिताचे.